रमजानमध्ये काय खाता? सोलापूरकरांनो, लिहा

रमजान दरवर्षी 10-11 दिवसांनी अलीकडे सरकतो. 2018 मध्ये तो मे-जूनला होता, आता फेब्रुवारी-मार्चवर आलाय. पण सोलापूरचं ऊन होळीचीसुद्धा वाट बघत नाही, आणि रोजा साधारण 13 तासांचा. सहेरीला (पहाटे रोजा धरण्याआधी) काय चालतं, इफ्तारला (संध्याकाळी रोजा सोडताना) काय टाळता? पुस्तकी सल्ले नकोत, घरातलं सांगा.

गृहिणी, विजापूर वेस
आमच्याकडं सहेरीला ज्वारीच. कडक भाकरी दह्यात कुस्करायची, सोबत उकडलेलं अंडं नाहीतर मूगडाळ. दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. मैद्याचा पराठा खाल्ला की दहालाच पोटात कावळे. शेंगाचटणी मात्र महिनाभर सहेरीतून हद्दपार. तिखट-मीठ पोटात गेलं की तहान लवकर गाठते. इफ्तारनंतर खा म्हणावं हवी तेवढी.

खरी पंचाईत संध्याकाळची. असरनंतर (दुपार उलटल्यावरची नमाज) भजी, समोसे, कबाबच्या गाड्या लागतात आणि घरातले पुरुष ‘थोडंसंच’ म्हणत पिशव्या भरून आणतात. ते बंद होणार नाही, मी नादही सोडला. फक्त क्रम बदलला: खजूर, पाणी, कलिंगड, मग मगरिबची म्हणजे सूर्यास्ताची नमाज, आणि तळलेलं त्यानंतर. तोवर हावरेपण उतरतं, निम्मे समोसे तसेच राहतात. ते कोणी संपवायचे, हा वेगळा वाद.

यंत्रमाग कामगार
मागावर उभं राहायचं तर खाण्यापेक्षा पाण्याचं बघावं लागतं. शेडमध्ये वारा नाही, उकाडा मरणाचा. सहेरीला एकदम तांब्याभर प्यायलं तर फायदा नाही, सगळं लघवीला जातं. मी इफ्तारपासून झोपेपर्यंत थोडं थोडं पितो, तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजीला, जातानाही बाटली बरोबर. सब्जा घातलेलं लिंबूपाणी बरं पडतं. लाल सरबतानं माझी तरी तहान वाढतेच.

निवृत्त शिक्षक, मधुमेही
रमजानच्या आधीच डॉक्टरांना गाठतो, ते गोळ्यांच्या वेळा बदलून देतात. तुमची गोळी वेगळी असेल, माझं बघून करू नका. बोट टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात. तरी मोहल्ल्यात नाक मुरडणारे भेटतातच. साखर 70 च्या खाली गेली की रोजा सोडायचा, मगरिबला दहा मिनिटं उरली असली तरी. कुराणातल्या सूरह बकरा या अध्यायात आजाऱ्याला सवलत आहे: रोजे नंतर भरून काढा, आणि ज्याला कधीच जमणार नाही त्यानं फिदिया द्यावा, म्हणजे रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवण. अल्लाहनं दिलेली सवलत नाकारण्यात कसली बहादुरी?

कॉलेजची विद्यार्थिनी
पहिले रोजे डोकं ठणकतं ते भुकेनं नाही, चहा तुटल्यानं. रमजानच्या आधीच्या महिन्यात, शाबानमध्येच कप कमी करत आणा.

शेजारी, सात रस्ता
आम्ही हिंदू. शेजारच्या भाभींकडून इफ्तारची ताटली येते, तिच्यात कांदा-लिंबू घातलेले उकडलेले हरभरे असतात. ते जास्त कोणाला, यावर आमच्या घरात भांडणं होतात. बाकी उपासाच्या नावाखाली साबुदाणा चेपणारे आम्ही, काय सल्ला देणार!

गृहिणी, विजापूर वेस
मागावरच्या भाऊ, सहेरीला वाटीभर ताक घेऊन बघा, बिनमिठाचं. आणि सात रस्त्याच्या भाऊंना: घरी करायचे झाले तर हरभरे रात्रभर भिजवून मगच उकडा, पोट कमी फुगतं.