तन्नूर, किरायिम, आख: हिब्रूतली ‘चूल’ नेमकी कोणती?

प्रश्न: बायबलच्या जुन्या करारात घरातल्या विस्तवासाठी वेगवेगळे हिब्रू शब्द दिसतात. मराठीत सरसकट ‘चूल’ म्हटलं तर चालेल?

– नाही चालणार, कारण वस्तूच वेगळ्या आहेत.

तन्नूर म्हणजे मातीची उभी, पिंपासारखी भट्टी. तळाशी जाळ करायचा, निखारे पडले की भाकरी आतल्या भिंतीला थापायची. मेसोपोटेमियातल्या जुन्या अक्कादी भाषेत तिनूरू, फारसीत तनूर आणि हाच आपला तंदूर. तेव्हा खुशाल ‘तंदूर’ लिहा, फक्त ढाब्यावरचा डोळ्यांपुढे आणू नका. लेवीय २६:२६ मध्ये शापवाणी आहे: दहा बायका एकाच तन्नूरात भाकरी भाजतील आणि तोलून देतील. एरवी एका घरालाच भट्टी लागायची. इथे दहा घरांचं पीठ मिळून एकच भरतेय. ‘चूल’ लिहिलंत की यातली दहशत निम्मी जाते.

किरायिम लेवीय ११:३५ मध्ये येतो. शेवटचा ‘-अयिम’ द्विवचनाचा, जसं यादायिम म्हणजे दोन हात. म्हणजे दोन भांडी बसतील अशी चूल. ज्यांनी वैलाची चूल पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको. मेलेला अशुद्ध जीव पडला तर तन्नूर आणि किरायिम दोन्ही फोडून टाकायची, असा तिथला नियम. ‘चूल’ म्हणायचंच असेल तर इथे म्हणा.

आख मात्र शेगडी, तीही राजाघरची. यिर्मया ३६ वाचा. हिब्रू पंचांगातला नववा महिना, थंडीचे दिवस, यहोयाकीम राजा हिवाळी महालात बसलाय, पुढ्यात आख पेटलेली. यिर्मया संदेष्ट्याच्या वचनांची गुंडाळी वाचली जातेय. तीन-चार रकाने झाले की तेवढा भाग लेखनिकाच्या चाकूने कापायचा आणि विस्तवात टाकायचा, असं करत सगळी गुंडाळी जाळली. (‘आख’ आणि ‘आग’ यांचं नातं जोडू नका. आपली ‘आग’ अग्नीपासून आली.)

– आणि जळण?

– काटेरी झुडपं, वाळलं गवत, काटक्या. शेणसुद्धा: यहेज्केल ४ मध्ये संदेष्ट्याला आधी माणसाच्या विष्ठेवर भाकरी भाजायला सांगितलं जातं, तो कळवळतो तेव्हा गाईच्या शेणाची सवलत मिळते. तिथे ‘गोवऱ्या’ बिनधास्त लिहावं.

– शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सगळं थंडच का?

– निर्गम ३५:३ ची मनाई विस्तव पेटवण्याला आहे. आधीपासून गरम असलेल्या चुलीचं काय, यावर इ.स. २०० च्या सुमाराच्या मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या संग्रहात, बारीक खल आहे. तिथे शब्द ‘कीरा’, म्हणजे किरायिमचंच एकवचन. काड्या-धसकटांवर तापलेल्या कीरेवर शिजलेलं अन्न ठेवायला हरकत नाही. लाकूड किंवा ऑलिव्हची पेंड जाळली असेल तर आधी निखारे ओढून काढा, नाहीतर वर राख घाला. शब्बाथची पाळणूक कोकणातल्या बेने इस्राएलांनीही, म्हणजे मराठी ज्यूंनीही, सोडली नाही. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं.