मदत हवी आहे: दाब आणि मोलर घनफळावरून खऱ्या वायूचं तापमान

कार्बन डायऑक्साइड, दाब ४० बार, मोलर घनफळ ०.५ लिटर प्रति मोल. तापमान काढायचंय.

आदर्श वायू समीकरणाने सुमारे २४०.५ केल्विन येतं. हे उघडच निरर्थक, कारण एवढ्या थंडीत ४० बारला तो द्रवच असेल! व्हॅन डर वाल्सच्या समीकरणाने, म्हणजे रेणूंमधलं आकर्षण (ए) आणि त्यांचं आकारमान (बी) धरणाऱ्या खऱ्या वायूच्या समीकरणाने (ए = ३.६४, बी = ०.०४२७, बार-लिटर-मोल एककांत) ३०० केल्विन. इथे तापमान थेट सुटतं, काही डोकेफोड नाही.

अडचण पेंग-रॉबिन्सन या खऱ्या वायूच्या दुसऱ्या समीकरणापाशी आहे. त्यात आकर्षणाच्या पदातही तापमान असतं, म्हणून सगळे न्यूटन-रॅफसन (अंदाज पुन्हा पुन्हा सुधारत उत्तर काढायची पद्धत) लावायला सांगतात. पण तापमानाचं वर्गमूळ हाच अज्ञात धरला तर साधं वर्गसमीकरण मिळतं. अ‍ॅसेंट्रिक फॅक्टर (रेणू साध्या गोलाकार रेणूपेक्षा किती वेगळा वागतो याचा आकडा) ०.२२५ घेऊन एक मूळ ऋण आलं, ते सोडलं. दुसऱ्यावरून साधारण ३०८.६ केल्विन.

जाणकारांनो, वर्गसमीकरणाची ही वाट कायम चालते का? घनफळ अगदी कमी झालं तर दोन्ही मुळं धन येऊ शकतात का, आणि आली तर कोणतं घ्यायचं? शिवाय क्रांतिक तापमान (ज्याच्या वर वायू नुसत्या दाबाने द्रव होत नाही) ३०४.१ केल्विन, म्हणजे अगदी शेजारी. व्हॅन डर वाल्सशी आठ-नऊ अंशांचा फरक पडतो, तिथे पेंग-रॉबिन्सनवर कितपत विसंबावं?

रेडलिच-क्वाँग या आणखी एका समीकरणात हेच केलं की घनसमीकरण होतं, तो प्रश्न नंतर.