क्रोएशियाच्या बेटावर एकाच गावात निवांत राहायचंय. सासू-सासरे आणि मुलं बरोबर. कुठलं गाव, कुठला महिना?

मंगळवारपेठकरीण

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी युरोपला जायचं घरात ठरतंय, पण सहल कंपन्यांची ती धावपळ नको. सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर, बसमध्ये डुलक्या, खाली उतरून फोटो, परत बस. माझी जाऊ तसं करून आली आणि घरी येऊन आजारी पडली. आम्हाला एका जागी राहायचंय. समुद्र, छोटं गाव, स्वयंपाकघर असलेलं घर, बास. लेकीनं क्रोएशियाच्या बेटांचे व्हिडिओ बघितलेत, तेव्हापासून जेवताना दुसरा विषय नाही.

माणसं अशी: आम्ही दोघं, लेक तेरा वर्षांची, मुलगा आठ, सासूबाई आणि मामंजी. सासूबाई माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही, आणि गुडघ्यांनी बेजार आहेत. मामंजींचा रविवार मटणाशिवाय होत नाही. मुलं पंचगंगेत पोहायला शिकलीत, पण समुद्रात कधी पोहलेली नाहीत.

शाळेमुळे मे, जूनचा पहिला पंधरवडा किंवा दिवाळी एवढंच जमतं. बेटं इतकी आहेत की डोकं चालेना. आणि मामंजी विचारतात, एवढा पैसा घालायचा तर तारकर्ली काय वाईट? त्यांना काय सांगू?

उद्यमनगरचा फाउंड्रीवाला

ताई, मामंजींचा प्रश्न आधी घेतो, कारण तो रास्त आहे. तारकर्लीवर आमचाही लई जीव आहे. पण १ जूनला आपल्याकडं मासेमारी बंद होते, होड्या वर ओढतात, समुद्र खवळलेला असतो. नेमका त्याच वेळी तिकडं पोहण्याचा हंगाम सुरू होतो. त्यांचा पाऊस थंडीत पडतो, उन्हाळा कोरडा जातो. म्हणून बेटाआधी महिना ठरवा, आणि तो जूनच ठरवा. मे महिन्यात पाणी इतकं गार असतं की मुलं घोटाभर पाण्यातून परत फिरतील. दिवाळीला बोटींच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात, बऱ्याच खाणावळींना कुलूप असतं आणि माणसं ऑलिव्ह तोडायच्या गडबडीत असतात. जूनच्या सुरुवातीला पाणी साधारण २०-२१ अंश असतं. आपल्या अंगाला पहिल्यांदा गारच लागतं, पण ऊन चढल्यावर पोरं पाण्याबाहेर निघत नाहीत.

आम्ही २०२३ च्या जूनमध्ये गेलो होतो. डसेलडॉर्फला फाउंड्रीवाल्यांचं गिफा प्रदर्शन होतं. त्याच्या आधी आई, वडील, बायको, पोरं सगळ्यांना घेऊन ब्राच बेटावर पोस्तिरा नावाच्या गावात राहिलो. त्याच वर्षी १ जानेवारीला क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आला आणि युरोही तेव्हापासूनच चालू झाला, त्यामुळं एका व्हिसात आणि एका चलनात काम झालं. सगळ्यात जास्त मुक्काम ज्या देशात, त्या देशाकडं व्हिसा मागायचा, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा.

ब्राचच का? म्हाताऱ्या माणसांसाठी. स्प्लिट शहरातून सुपेतारला मोठी फेरी बोट जाते, साधारण ५० मिनिटं लागतात, उन्हाळ्यात दिवसभर फेऱ्या असतात. एक चुकली तर दुसरी मिळते. स्प्लिटला रेल्वे, एसटीसारखं बस स्टँड आणि बोटीचा धक्का हे सगळं शेजारी शेजारी आहे, सामान घेऊन फार फिरावं लागत नाही. बोटीत गाड्यांच्या मजल्यावरून वर बसायला जायचे जिने उभे असतात, तेव्हा सासूबाईंना गर्दी व्हायच्या आधी वर न्या. सुपेतारहून पोस्तिरा दहाएक किलोमीटर. बस आहे पण फेऱ्या मोजक्या, सहा माणसं असाल तर सरळ टॅक्सी सांगून ठेवा.

गाव छोटं आहे. बंदराभोवती पांढऱ्या दगडाची घरं, एक चर्च, बेकरी, किराणा दुकान, दोन-चार खाणावळी. गावात सार्डिन मासे डब्यात भरायचा कारखाना आहे, बंदरात मासेमारीच्या खऱ्या होड्या लागतात. व्लादिमीर नाझोर हा त्यांचा मोठा कवी १८७६ साली इथंच जन्मला. म्हणजे पर्यटक नसले तरी गाव गावासारखं चालू असतं, आणि मला ते फार मोलाचं वाटलं. ह्वार शहरासारख्या ठिकाणी रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात, तुमच्या मंडळींना तिथं नेऊ नका.

आता समुद्राचं नीट सांगतो, कारण मुलं आहेत. भरती-ओहोटी जवळपास नाहीच, जेमतेम फूटभर. लाटा बारीक. गाळ नाही, सगळा चुनखडीचा खडक, त्यामुळं पाण्याचा तळ दिसतो. पण किनारा वाळूचा नाही. गोटे असतात, नाहीतर सिमेंटचे कट्टे असतात आणि लोखंडी शिडी धरून थेट पाण्यात उतरायचं असतं. काही ठिकाणी लगेच खोल. तळ दिसतो म्हणून खोली कमी वाटते, ते पोरांना पहिल्याच दिवशी दाखवा. खडकांना काळे काटेरी गोळे चिकटलेले असतात, पाय पडला तर काटे मोडून आत राहतात. सगळ्यांना रबरी बूट घ्या, मोठ्यांनाही. वाळूच हवी असेल तर पोस्तिराच्या पूर्वेला चार-पाच किलोमीटरवर लोव्रेचिना नावाची खाडी आहे. उथळ पाणी, वाळू, आणि काठावर जुन्या ख्रिस्ती बॅसिलिकाचे पडके अवशेष. माझी आई आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात बसली ती तिथं. गुडघ्यांना पाण्यात बरं वाटतं म्हणाली आणि पुढं रोज तिकडंच चला म्हणायची.

फिरायचं असेल तर जवळ पुचिश्चा गावात दगडकामाची शाळा आहे, पोरं अजून हातानं छिन्नी चालवून शिकतात. स्प्लिटमधला सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा, चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा, तो याच बेटाच्या दगडात बांधलाय. माझे वडील जन्मभर ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने करत आले. ते त्या शाळेतनं हलायला तयार नव्हते. त्यांना इंग्रजी येत नाही, शिकवणाऱ्या मास्तरांना मराठी कुठनं येणार. दोघं दगडाच्या कडेवरनं बोट फिरवून एकमेकाला काम समजावून सांगत होते. वडील अजून त्या मास्तरांची चौकशी करतात. तुमच्या मामंजींना हाताच्या कामाची आवड असेल तर एक सकाळ तिथं राखून ठेवा.

मटणाची काळजी नको. ब्राचचं कोकरू प्रसिद्ध आहे. लोखंडी झाकणाखाली, वर निखारे घालून भाजतात, पण ते आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. वितालात्स म्हणून एक प्रकार इथला खास: कोकराची काळीज-फुप्फुसं सळईवर लावून, चरबीच्या जाळीत गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. आपल्या माणसाला हे लगेच कळतं. तिखट मात्र विसरा, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर सगळं असतं. चटणीची पुडी खिशात ठेवायला सांगा.

जयसिंगपूरची वहिनी

सासूबाईंसाठी मी लिहिते. आम्ही जैन, कांदा-लसूण टाळणारे, तरी कोर्चुला बेटावर उपाशी राहिलो नाही. मात्र घरात स्वयंपाक करायची तयारी पाहिजे.

बाहेर ब्लित्वा मिळते, चाकवतासारखी पालेभाजी बटाट्याबरोबर शिजवतात. त्यात लसूण असतोच, तुमच्याकडं चालत असेल तर उत्तम. भाजलेल्या भाज्या, पास्ता, पिझ्झा हे गावोगावी आहे. सूप आणि रिसोट्टो (इटालियन पद्धतीचा मऊ भात) मागवताना मात्र विचारा, मांसाचं किंवा माशाचं पाणी घातलेलं असतं. पालाचिंके म्हणजे गोड धिरडी, त्यात अंडं असतं. तळलेल्या फ्रितुले गोळ्यांतही बहुधा असतं. बेकरीतला साधा पाव, टोमॅटो, काकडी, चेरी, दही हे सगळं गावातल्या दुकानात मिळतं. नळाचं पाणी पिता येतं.

सामानाचं नीट ऐका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-दुभतं आणि मांस आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा, दूध पावडर बॅगेत नको. ताजी फळंसुद्धा तशी चालत नाहीत, जून म्हणून आंब्याची पेटी बांधाल तर विमानतळावर काढून घेतील. तांदूळ, डाळी, मेतकूट, भडंग, कोरडी चटणी, पोहे यांचं ओझं करा. कुकर नेणार असाल तर घरमालकाला शेगडी कसली आहे ते आधी विचारा, इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. आणि आपले तीन गोल पायांचे प्लग तिथं बसत नाहीत, अडॅप्टर घ्या.

मी रोज सकाळी भात-आमटी करून ठेवायची. सासूबाईंना एकदा घरचं पोटात गेलं की मग त्या संध्याकाळी धक्क्यावर बसायला खुशाल तयार असायच्या.

सध्या स्टुटगार्ट, मूळ कसबा बावडा

फाउंड्रीवाल्या काकांशी सहमत. मी इथून गाडीनं जातो, त्यामुळं थोडी भर घालतो. तिथली घरं बहुतेक शनिवार ते शनिवार भाड्यानं जातात, हंगामात शनिवारी रस्ते आणि धक्के दोन्ही तुंबतात. जूनच्या सुरुवातीला घरमालक मधल्या वारापासूनही देतात, विचारून बघा. मंगळवारी पोहोचणं शनिवारपेक्षा सुखाचं.

लेकीनं विस बेटाचे व्हिडिओ बघितले असतील तर हट्ट धरेल. तिथलं कोमिझा हे मासेमारांचं गाव मला स्वतःला सगळ्यांत आवडतं. युगोस्लाव्हियाच्या लष्कराचा तळ असल्यामुळं १९८९ पर्यंत परदेशी माणसाला बेटावर जाता येत नव्हतं, म्हणून ते तितकं बांधलं गेलं नाही. पण बोटीला दोन तासांहून जास्त लागतात, फेऱ्या कमी आहेत आणि बोट विस गावाला लागते, कोमिझा बेटाच्या दुसऱ्या टोकाला. आजी-आजोबा बरोबर असताना मी ब्राचच घेईन.

बुरा नावाचा ईशान्येचा वारा सुटला की छोट्या वेगवान बोटी रद्द होतात, मोठी फेरी त्या मानानं टिकते. उन्हाळ्यात तो कमी असतो, तरी परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री स्प्लिटमध्येच मुक्काम करा. डायोक्लेशियनचा राजवाडा धक्क्यापासून चालत जाण्यासारखा आहे आणि वाट सपाट आहे. आत फरसबंदी झिजून गुळगुळीत झाली आहे, आजींना हात द्या.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर कोल्हापूर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा.

मंगळवारपेठकरीण

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मामंजींना जूनमधल्या तारकर्लीचं सांगितलं, ते म्हणाले बरोबर आहे. आणि दगडाच्या शाळेचं वाचून दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून फोन स्वतःच्या हातात घेतला. पोस्तिरा पक्कं धरते. दोन गोष्टी राहिल्या. घर निवडताना काय बघायचं? सगळीकडं "समुद्रापासून १०० मीटर" लिहिलंय. आणि व्हिसाला किती आधी लागायचं?

उद्यमनगरचा फाउंड्रीवाला

ते १०० मीटर नकाशावरचे असतात ताई. गाव उतारावर आहे, त्यामुळं अंतर विचारू नका, पायऱ्या विचारा. रस्त्यापासून दारापर्यंत किती, दारापासून पाण्यापर्यंत किती, कठडा आहे का. जुन्या घरांना बाहेरून दगडी जिना असतो आणि भाड्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर असतात. तळमजलाच मागा. दुसरं, अंगणात सावली बघा, द्राक्षाचा वेल किंवा मांडव. दुपारी उन्हात कोणी बाहेर पडत नाही, सगळं घर त्या सावलीतच बसतं. आमचा सगळ्यात चांगला वेळ तिथंच गेला. वडील पेंगत होते, आई शेंगा सोलत होती आणि पोरांना पहिल्यांदा तिच्याकडनं तिच्या माहेरच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या. घरी तिला एवढा मोकळा वेळ कधी मिळत नाही. तेव्हा रोज कुठंतरी न्यायच्या भरीला पडू नका. एखाद्या दिवशी ब्राचवरचाच झ्लात्नी रातचा किनारा आणि विडोवा गोरा डोंगर करा. डोंगर सुमारे ७८० मीटर, आपल्या पन्हाळ्यापेक्षा कमीच, आणि वरनं तो समुद्रात घुसलेला गोट्यांचा सुळका सबंध दिसतो. बाकीचे दिवस मोकळे राहू देत.

घरमालक पासपोर्ट मागेल, घाबरू नका. पाहुण्यांची सरकारी नोंद त्याला करावीच लागते.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनसाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच लागा, उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५. म्हणजे लेकीची पूर्ण, मुलाची अर्धी. निदान ३० हजार युरोंचा प्रवासी विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं काढतानाच सासूबाईंना खालचा बर्थ बघा.

घरं दोन-तीन निवडली की मालकाकडनं रस्त्यापासून दारापर्यंतचा फोटो मागवा आणि इथं टाका. पायऱ्या बघून सांगतो.