मदत हवी आहे: पार्किन्सन्स, वळताना पाय थिजतात

बाबा ७१ वर्षांचे, पार्किन्सन्सला ६ वर्षं झाली. आम्ही बडोद्यात राहतो. कमाटीबागेत सरळ वाटेवर ते छान चालतात, पण घरात उंबऱ्यापाशी आणि वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. लेव्होडोपा ही पार्किन्सन्सची गोळी जेवणाआधी अर्धा तास, अगदी वेळेवर देतो. गोळीचा असर असतानाही हे होतं. डॉक्टरांना सांगितलंय. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, त्या ओलांडताना दारातून पाऊल सुटतं. टाळ वाजवत अभंग म्हटला की ते सलग चालतात, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो! वळताना मात्र यातलं काहीच चालत नाही. वॉकर त्यांना नको आहे आणि बाग सोडायची नाही. मलाही ती सुटू द्यायची नाही. न्हाणीघरासारख्या अरुंद जागेत न पडता वळायला तुमच्याकडे कोणी कसं शिकवलं?