विषय: नाशिकला आई-बाबांसाठी सीनियर लिव्हिंग, कुणाचा अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

गंगापूर रोडवर आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, सोसायटी जुनी, लिफ्ट नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई खाली उतरायचंच टाळते. दूध, भाजी, औषधं सगळं बाबा वर आणतात आणि तेही आता पंच्याहत्तरीचे आहेत. ताई मुंबईला. जमेल तेव्हा संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने येते, पण तिचंही घर-नोकरी आहेच.

त्र्यंबक रोडला ज्येष्ठांसाठी एक प्रकल्प झालाय. स्वतःचा वन बीएचके, छोटं स्वयंपाकघर. जेवण, साफसफाई, नर्स, अँब्युलन्स त्यांच्याकडून. राहता फ्लॅट विकून तिथे घ्यावा असं मनात आहे. कुणी आई-वडिलांना अशा ठिकाणी हलवलं असेल तर बरं-वाईट दोन्ही सांगा.

— एडिसन, न्यू जर्सी

---

पुन्हा: नाशिकला सीनियर लिव्हिंग

दादा, माझ्या सासूबाई पुण्याजवळ अशाच एका ठिकाणी राहायच्या, म्हणून लिहिते.

चांगलं आधी. कामवाली आली नाही, नळ गळतोय, टाकीत पाणी चढलं नाही ही रोजची कटकट एका दिवसात संपली. फोनवर पूर्वी फक्त तक्रारी असायच्या, नंतर रमीत कोण लबाडी करतं ते कळायला लागलं. चार बायका जमल्या की त्यांचं त्या बघतात, आपल्या व्हिडिओ कॉलला ती सर येत नाही.

आता खरा मुद्दा. ही घरं हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी असतात. उद्या आईंना आंघोळीला माणूस लागला, किंवा विसरायला व्हायला लागलं, तर काय? काही ठिकाणी त्याच आवारात मदतीचा वेगळा विभाग असतो, काही ठिकाणी स्वतःची बाई ठेवायला सांगतात, काही ठिकाणी करारातच लिहिलेलं असतं की स्वतःचं स्वतः करता येईनासं झालं की जागा सोडावी लागेल. हे कोण ठरवणार, त्यांचा डॉक्टर की तुमचा? सेल्सवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, करारातलं कलम मागून घ्या.

जागा विकत, डिपॉझिटवर की महिन्याच्या भाड्याने, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. विकत घेतलीत तर उद्या वारसा हक्काने ती तुमची होईल, पण वयाच्या अटीत बसत नसाल तर राहता येणार नाही. विकायची म्हटलं तर गिऱ्हाईकही ज्येष्ठच शोधावं लागतं, वेळ जातो. डिपॉझिट असेल तर दरवर्षी किती कापतात आणि सोडल्यावर किती दिवसांत परत देतात ते विचारा. महिन्याचा मेंटेनन्स फ्लॅटमागे 7,500 रुपयांच्या वर गेला की साधारणपणे सगळ्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि ब्रोशरमधले आकडे बहुतेक वेळा जीएसटी सोडून असतात.

महारेराने (बिल्डरांवर देखरेख ठेवणारी राज्याची संस्था) 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष घालून दिलेत: व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, 900 मिलिमीटर रुंद दारं, न घसरणारी फरशी, बाथरूममध्ये धरायला दांडे. प्रकल्प त्याआधीचा असला तरी टेप घेऊन जा. बाथरूममधला दांडा नुसता बघू नका, अंगाचा भार टाकून ओढा. सासूबाईंकडे कमोडशेजारी मदतीची घंटी होती, ओढायची दोरी अगदी फरशीपर्यंत, म्हणजे पडलेल्या माणसाच्या हाताला लागावी. पुसताना मध्ये येते म्हणून सफाईवालीने ती गुंडाळून शॉवरच्या नळाला बांधून टाकली होती. आम्ही सोडायचो, आठवड्याने परत वर. मॅनेजरला सांगितलं की तो हसायचा.

आणि नाशिककरांना मी काय सांगायचं, पण सिंहस्थ जवळ आलाय. 2027 च्या ऑगस्टमध्ये पर्वणीला त्र्यंबक रोडवर काय होईल ते डोळ्यांपुढे आणा. त्या दिवशी अँब्युलन्स कुठल्या रस्त्याने शहरात येणार ते त्या लोकांना विचाराच.

— फ्रीमाँट

---

पुन्हा: नाशिकला सीनियर लिव्हिंग

माझं मत वेगळं. तुमची अडचण जिन्याची आहे आणि त्यासाठी तुम्ही गाव सोडायला निघालात. गंगापूर रोडलाच लिफ्ट असलेला फ्लॅट घ्या, दिवसाची एक बाई ठेवा. बाबांना सार्वजनिक वाचनालय, मे महिन्यात गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला, नेहमीचा वाणी, नेहमीचा डॉक्टर, हे त्र्यंबक रोडला शटल बसने मिळणार आहे का? बाया पुरवणाऱ्या ब्युरोच्या बाया दिवाळीत गावाला जातात आणि मग पंचाईत होते, कबूल. पण सत्तरी ओलांडल्यावर नव्याने ओळखी करा म्हणणं सोपं, ह्यूस्टनला येऊन मला अजून जमलेलं नाही.

— ह्यूस्टन

---

पुन्हा: नाशिकला सीनियर लिव्हिंग

सर्वांस सप्रेम नमस्कार.

मी नाशिकहून लिहितो आहे. एडिसनला आलो होतो तेव्हा मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमींसाठी या ईमेलच्या यादीत माझं नाव घातलं होतं, ते कुणी काढलं नाही. सगळं वाचतो.

चिरंजीवांना सांगितलं नव्हतं, पण आम्ही दोघं तो प्रकल्प पाहून आलो. सौ.ला आवडला. बाग आहे, बाक आहेत, कुणाचा तरी हात न धरता ती दोन फेऱ्या मारून आली. जेवण बरं होतं, भाजीत साखर जास्त. काळा मसाला घालत नाहीत म्हणे, पथ्याचे लोक असतात.

फ्रीमाँटच्या ताईंनी सगळं विचारलं, एक राहिलं ते मी मॅनेजरला विचारलं. दोघांतलं एक गेलं की मागे राहिलेल्याने महिन्याला किती भरायचं? जेवणाचे पैसे निम्मे होतात, बाकी सगळं तेवढंच. माझ्या पेन्शनची निम्मी फॅमिली पेन्शन होऊन सौ.ला मिळेल, तिच्यात ते बसत नाही. हा हिशेब चिरंजीवांच्या एक्सेल शीटमध्ये दिसला नाही. दोघं धडधाकट धरूनच त्यांनी पंधरा वर्षं पुढे नेली आहेत.

ह्यूस्टनकरांना एवढंच सांगतो, की ओळखी टिकवायला आधी खाली उतरावं लागतं. सौ. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला शेजारच्या बिल्डिंगमध्येसुद्धा गेली नाही. व्याख्यानमालेला मी एकटाच जातो, आणि ती घरी आहे म्हणून अर्ध्यातून उठतो.

तेव्हा ठरवलं ते असं. फ्लॅट विकायचा नाही, माझ्याच नावावर राहील. तिथे भाड्याने राहायची सोय आहे, थंडीचे महिने राहून बघू. पाणी सोलरचं आहे, डिसेंबरात पहाटे पाचला ते कितपत गरम येतं हे राहिल्याशिवाय कळायचं नाही. रात्री नर्स खरोखर जागी असते का, तेही कळेल. दोरी वर बांधलेली दिसली तर मी स्वतः सोडीन.

दरम्यान आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटचा विषय पुन्हा निघाला आहे, रविवारी सभा आहे. तळमजलेवाल्यांना लिफ्टचा खर्च नको आहे, त्यामुळे ती लांबणार. चिरंजीव, या रविवारी फोन उशिरा करणे.

— बाबा