रविवारी बस्ता आहे, उंची ५ फूट, शालू आणि नऊवारी कशी निवडू?

तिकटीवरची:
नमस्कार सगळ्यांना. मे महिन्यात लग्न आहे, कार्यालय कोल्हापुरातच, आणि या रविवारी बस्ता बांधायला महाद्वार रोडला जायचंय. दोन्हीकडची मिळून चौदा माणसं येणारेत, तिथं गादीवर बसल्यावर माझं काही सुचणार नाही म्हणून आधीच विचारतेय. उंची बरोबर ५ फूट, वरून अंग भरलेलं, दंड जाड, मान आखूड, रंग सावळा. आत्याचं म्हणणं शालू लालभडकच पाहिजे आणि काठ वीतभर पाहिजे, नाहीतर नवरी वाटत नाही. मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या साखरपुड्याला आईची तसलीच मोठ्या काठाची साडी नेसले होते, फोटो बघितले आणि खरंच रडू आलं, नुसती साडीच दिसत होती. अक्षतांना नऊवारी नेसायची लहानपणापासून हौस आहे, पण एका दुकानातल्या बाई तोंडावर म्हणाल्या की बुटक्या मुलींना काष्टा शोभत नाही. तेव्हापासून डोक्यातून जाईना. आजीचा कोल्हापुरी साज आहे तो मात्र मी घालणारच, मग त्यावर गळा कसला शिवू? वजन कमी कर असं कृपया कुणी सांगू नका, ते ऐकून ऐकून दमले.

शिलाईकाकू:
बाळ, पहिल्यांदा ते रडणं बंद कर. बावीस वर्षं नवऱ्यामुलींचे ब्लाऊज शिवतेय, फोटो खराब येतो तो दहातल्या सात वेळा ब्लाऊजमुळं, अंगामुळं नाही.

काठाचं आत्याला असं समजावून सांग. ५ फुटांच्या मुलीची कमरेपासून पावलापर्यंतची उंची ती केवढी, त्यात खाली वीतभर काठ आला की साडीचं वरचं अंग थोडंच उरतं आणि बघणाऱ्याची नजर खालीच अडकते. तीन-चार बोटांचा काठ घे, बुट्टी बारीक आणि लांब लांब विखुरलेली घे. पदर मात्र भरजरी असू दे, तो उभा पडतो त्यामुळं उंचीच देतो, आत्याचंही मन राहील. शालू घेताना कापड मुठीत धरून सोड. फुगून उभं राहिलं तर त्याच्या निऱ्या पोटावर फुगणार. सुळकन खाली पडलं तर घे.

ब्लाऊजचं नीट ऐक. भरलेल्या अंगाला प्रिन्सेस कट नाहीतर कटोरी, आत चांगलं सुती अस्तर, आणि दोन्ही बाजूला दीड-दीड इंच मार्जिन ठेवायलाच सांग, लग्नाच्या धावपळीत अंग कमी-जास्त होतंच. बाही कोपराच्या जरा वर संपव. दंड जिथं सगळ्यात जाड तिथंच बाही संपली आणि तिथंच काठ लावला की दंड दुप्पट दिसतो, हे फार जणी करतात. आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेतली गोलाई, खोल कापू नको. ट्रायलला आलीस की दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघ, हार घालताना पोरं नवरदेवाला वर उचलतात आणि नवरी टाचा उंचावून हात वर करते, तेव्हा खोल मुंढ्याचा ब्लाऊज सगळा वर सरकतो आणि मग दिवसभर ओढत बसायचं.

साजाचं म्हणशील तर तुझ्या आखूड मानेला तोच सगळ्यात चांगला, तो छातीवर लांब येतो त्यामुळं मान मोकळी दिसते. बोट नेक शिवलास तर साजाची पानं जरीवर पडतील आणि एकही दिसणार नाही. पुढचा गळा व्ही किंवा पानाचा घे, म्हणजे निम्मा साज अंगावर टेकेल. चिंचपेटी आणि ठुशी दोन्ही गळ्यालगत घालू नको, एकच. ठुशी घाल आणि खाली साज, बास.

रंकाळ्याची_सून:
काकूंनी सगळं सांगितलंच, मी फक्त नऊवारीचं सांगतो. माझी उंची ४ फूट ११ आणि मी गेल्या वर्षी अक्षतांना नऊवारीच नेसलो, लई भारी दिसली, त्या दुकानातल्या बाईचं अजिबात ऐकू नको गं. पण माझी एक चूक झाली ती तू करू नको. शिवलेली नऊवारी घेतली होती, माप देताना पायात तीन इंचाच्या टाचा होत्या, कारण मला उंच दिसायचं होतं ना. आता विधींना चप्पल कोण घालतं? अक्षतांच्या आधी टाचा काढल्या आणि सगळी साडी जमिनीवर लोळायला लागली, सप्तपदीला तिसऱ्या पावलावर अंगठा काठात अडकला आणि मी पडतापडता वाचलो, नवऱ्यानं हात धरला म्हणून. शिवणाऱ्यांनी पण विचारलं नाही आणि मला पण सुचलं नाही. विधींच्या साडीचं माप अनवाणी दे, रिसेप्शनच्या साडीचं टाचा घालून दे.

दुसरं म्हणजे नऊवारी साधारण ८ मीटर कापड असतं, ते सगळं कमरेला येतं, म्हणून मऊ रेशीमच घे, कडक घेतलीस तर कमर भरून दिसते. आणि ब्लाऊज साडीच्याच रंगाचा शिव. मी हिरव्या साडीवर हिरवाच शिवला होता, माझ्या जावेनं विरुद्ध रंगाचा घातलेला आणि फोटोत तिचे वर एक खाली एक असे दोन तुकडे वाटतात. काष्टा घोट्यापर्यंत खाली सोडून नेसव म्हणून नेसवणाऱ्या बाईला आधी सांग, वर घेतला की पाय आखूड दिसतात.

अजून एक, हल्ली साडीच्या आत तो फिशकट परकर घालतात, अंग चापूनचोपून दिसतं खरं पण त्यात मांडी घालून होमापुढं बसता येत नाही. रिसेप्शनला घाल, विधीला नको. दुकानात साडी अंगावर लावून बघतो ना आपण, तसंच खाली मांडी घालून पण बस बघ. तासभर पाटावर बसायचंय.

कॅमेरावाला_दादा:
ताई, लग्नाचे फोटो काढतो म्हणून रंगाबद्दल थोडं बोलतो. दुकानातल्या पांढऱ्या लाईटखाली साडी ठरवू नका. सावळ्या रंगाला तिथं सगळं फिकं वाटतं आणि मग घरचे अजून भडक काहीतरी काढायला लावतात. साडी खांद्यावर टाकून दुकानाच्या दारात या, दिवसाच्या उजेडात फोटो काढा, मग आत येऊन पिवळ्या बल्बखाली काढा. दोन्हीकडं चेहरा उजळ वाटला तर ती तुमची. माझ्या अनुभवात सावळ्या नवरीला राणी, वाईन, मोरपंखी, गडद हिरवा आणि हळदीसारखा गडद पिवळा फार सुंदर येतो. फिकट गुलाबी आणि चंदेरी जर मात्र टाळा. जुन्या सोन्यासारखी दबकी जर घ्या, अगदी चकचकीत जर फ्लॅशमध्ये पांढरी फटक येते आणि सगळी नजर तिथंच जाते. आत्यांना लालच हवा असेल तर शेंदरी लाल सोडून कुंकवाच्या बाजूचा गडद लाल सुचवा.

शिलाईकाकू:
दादा बरोबर बोलला. आणि पैठणी म्हणून कुणी काही दाखवलं तर पदर उलटा करून बघ गं. हातमागाच्या पैठणीचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागं कापलेल्या धाग्यांची लव दिसली तर ती यंत्रमागावरची. ती घेऊ नये असं नाही, रिसेप्शनला हलकी पडते, फक्त हातमागाचे पैसे देऊ नकोस.

तिकटीवरची:
बस्ता झाला! सगळ्यांचे मनापासून आभार. चौदा माणसांत होणाऱ्या सासूबाईच माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. आत्यानं वीतभर काठाचा लाल शालू माझ्या खांद्यावर टाकला तेव्हा मी काही बोललेच नाही, तो घेऊन दारात गेले, मग कुंकवाच्या रंगाचा चार बोटं काठाचा तसाच टाकून गेले, आणि दोन्ही फोटो आत्याच्या हातात दिले. ती बराच वेळ बघत होती, मग म्हणाली हा दुसरा बांधा. पदर मात्र तिनं निवडला, वेलीचा आहे, खूपच छान आहे. नऊवारी गडद हिरवी मिळाली, मऊ आहे, तिथंच गादीवर मांडी घालून बसून बघितलं. सासूबाई पण माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या. मामाकडची पिवळी साडी अजून यायचीय. काकू, तुमचं दुकान कोल्हापुरातच असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना, ब्लाऊज तुमच्याकडंच टाकायचाय, साज घेऊन येते.

शिलाईकाकू:
व्यनि केलाय. येताना विधींना जे आतले कपडे घालणार तेच घालून ये, नाहीतर माप चुकतं. आणि टाचा घरी ठेवून ये.