प्रति: डायलिसिस सुरू आहे, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी, ३.१ आहे, प्रोटीन पावडर वाढवू का?

आधी सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. शरीरात दाह असेल तर यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं, भूक मरते आणि स्नायू झिजतात. मग नुसती पावडर वाढवून आकडा फारसा हलत नाही. दाहाचं मूळ शोधायला हवं: डायलिसिससाठी मानेत बसवलेल्या कॅथेटरचा (नळीचा) संसर्ग, किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, पायाची जखम, क्षयरोग, पूर्वी बसवलेली पण निकामी झालेली किडनी. ताप नाही म्हणून कॅथेटरला निर्दोष ठरवू नका. शरीरात पाणी साठलं असेल तरी अल्ब्युमिन कमी दिसतं.

या चर्चेत वर एकांनी डाळ बंद करायला सांगितलंय, ते मला अजिबात पटत नाही. कमी प्रथिनांचं पथ्य डायलिसिसच्या आधीचं. डायलिसिस सुरू झाल्यावर दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्याच्या पांढऱ्या बलकात साधारण साडेतीन ग्रॅम मिळतात आणि फॉस्फरस नगण्य. पोटॅशियम जास्त असेल तर डाळ भिजवून ते पाणी फेकून शिजवा. उष्मांकही पुरेसे हवेत, नाहीतर प्रथिनं इंधन म्हणूनच जळून जातात.

आणखी एक, इथे हमखास फसगत होते: स्नायू घटतात, त्यांची जागा पाणी घेते, काट्यावर वजन तेवढंच. कपडे सैल झाले, हाताची पकड ढिली पडली, तर डॉक्टरांना ड्राय वेट (डायलिसिसमध्ये जादा पाणी काढल्यावर असायला हवं ते वजन) पुन्हा ठरवायला सांगा.